पेल्टनचा डुक्करकोतवाल

“डुकराची गोष्ट आज सांगनार का न्हाई?” जोथम पाईकनं विचारलं. हात चालूच होता. दाताळ्याच्या दांडीच्या भोकात दात बसवायचा, दोन टोले घालायचे, पुढचा दात घ्यायचा.

“आज कशाला? आज गावसभा हाय. गावाला ती पाठ हाय,” झेनस थर्बर म्हणाला.

“पाठ हाय म्हनूनच इचारलं. राजधानीत सांगतोस तशी सांगनार, का झाली तशी?”

झेनसनं यावर खिशातलं घड्याळ काढून बघितलं. घड्याळात बघण्यासारखं काही नव्हतं. सभा दहाला भरते हे पेल्टनमधल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं.

“जोथम, तू लई बोलाया लागलायस.”

“म्या पयल्याइतकंच बोलतोय गड्या. तूच कमी ऐकाया लागलायस. आनि आनखी एक ध्यानात ठेव. औंदा तुजं लगीन झालंय.”

“मग?”

“मग काय. नव्या नवरदेवाचं हे गाव मार्चच्या सभेत काय करतं, ते म्या तुला सांगावं?”

“आरं, म्या एकसष्ट वर्सांचा हाय. सिनेटर हाय. माज्या वाटंला कोन जातंय?”

“रीतीत वयाचं काय लिवल्यालं न्हाई,” जोथम म्हणाला, आणि दात ठोकला.

झेनस थर्बर हा दाताळ्यांचा माणूस. पेल्टनच्या डोंगरात दगड सोडले तर गवतच तेवढं नीट उगवतं, आणि गवत आलं म्हणजे दाताळं आलं. त्याच्या कारखान्यातलं दाताळं त्या मुलखात कुठल्याही गोठ्यात सापडायचं. दांडीवर तापल्या लोखंडानं उठवलेली ‘झे. थ.’ ही दोन अक्षरं बघून शेतकरी ते बिनबोलता उचलायचा. कारण त्याचा दात ढिला व्हायचा नाही. त्यात जादू अशी काही नव्हती. दात दोन वर्षं वाळवलेल्या लाकडाचा, आणि दांडी मात्र अजून ओल धरून असलेली. दांडी पुढं वाळायला लागली की आवळत जाते आणि दाताला जन्मभर सोडत नाही. ही रीत आपण काढली असं झेनसला वाटायचं, आणि आपण काढली असं जोथमला. खरं तर ती दोघांच्या आज्यांच्याही आधीपासून चालत आलेली होती.

आज मात्र झेनस दाताळ्यांकडं बघायला आला नव्हता. काळा कोट, उंच टोपी, अंगाला साबणाचा वास, अशा थाटात तो भुशात उभा होता. घरी न्याहारीला राजधानीचा पाहुणा बसला होता. पार्टीचे मिस्टर लॅम्सन. पार्टी औंदा गव्हर्नरकीला कुणाला उभं करावं याचा विचार करत होती, आणि दोन नावं उरली होती. त्यातलं एक झेनसचं. लॅम्सन बघायला आले होते की या माणसाचं स्वतःचं गाव त्याला किती मानतं. सभेच्या शेवटी गावानं एकमुखानं ठराव करायचा, की आमचा झेनस उभा करा. एवढं झालं की काम झालं. बरोबर एक वर्तमानपत्रवालाही आणला होता.

“गावानं एक दिस सरळ वागावं, एवढंच मागतोय म्या,” झेनस जाता जाता म्हणाला.

“गाव सरळच वागतं,” जोथम म्हणाला. “तीच तर अडचन हाय.”

सभाघर कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर. बर्फ अजून गुडघाभर होता, पण वरून मऊ पडला होता. झाडाझाडाला डबे टांगलेले, मेपलचा रस टपटपत होता. त्या वाटेनं जाताना झेनसला एकोणचाळीस वर्षांपूर्वीची सकाळ आठवू नये, असं होणं अवघड होतं.

तेव्हा तो बावीसचा. मामाच्या शेतावर राबून हिवाळ्यात चुलीपुढं दाताळी कोरायचा, उन्हाळ्यात गाडीत घालून गावोगाव विकायचा. फेब्रुवारीत त्याचं लोव्हायना हॉइटशी लग्न झालं आणि मार्चच्या सभेत कुणीतरी मागून ओरडलं, डुक्करकोतवाल म्हणून झेनसला नेमा. अख्खं सभाघर हसलं. ही त्या मुलखाची जुनी थट्टा. ज्याचं त्या साली लग्न झालं त्याला मोकाट डुकरं धरायचं काम द्यायचं. नव्या नवऱ्याला घराबाहेर पळवायचं आणि मजा बघायची. पण थट्टा असली तरी पद खरं. शपथ घ्यावी लागे, आणि डुक्कर सुटलं की ते कोंडवाड्यात घालावंच लागे.

आणि डुक्कर सुटलं. डीकन फिस्कचा नर. डीकन चर्चमधला वडीलधारा माणूस, त्यानं डुकराचं नाव बायबलमधल्या हेकट राजावरून फारो ठेवलं होतं, कारण त्या राजासारखंच ते देवाचंसुद्धा ऐकत नसे. फारोनं तीन बागा उकरल्या. झेनस दोरी आणि काठी घेऊन अर्धा दिवस त्याच्यामागं पळाला. दोनदा चिखलात पडला. तिसऱ्यांदा फारोच मागं वळला, तेव्हा झेनस जे कुंपणावर चढला ते खाली उतरेना. गाव दारादारांत उभं राहून बघत होतं.

तेवढ्यात लोव्हायना तळघरातून बटाट्याची टोपली घेऊन आली. एकोणीस वर्षांची पोर, लग्नाला पाच आठवडे. तिनं एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा डुकराकडं. बटाटे वाटेवर ओतले. डुक्कर खाली मान घालून बटाट्यांवर आलं तशी तिनं रिकामी टोपली त्याच्या तोंडावर घातली. डुकराचं असं आहे की तोंडावर काही आलं की ते पुढं जात नाही, मागं मागं सरतं, त्यातनं निसटायला. फारो मागं सरायला लागला. लोव्हायनानं एका हातानं टोपली दाबून धरली, दुसऱ्या हातानं शेपटी. शेपटी डावीकडं ओढली की डुक्कर डावीकडं, उजवीकडं ओढली की उजवीकडं. असं तिनं ते धूड उलट्या पावली गावाच्या मधल्या वाटेनं चालवत नेली, जशी कुणी गाडी मागं घेतं.

“झेनस,” ती म्हणाली, “कोंडवाड्याचं दार उघड. तेवढं तरी कर.”

झेनसनं कुंपणावरून उतरून दार उघडलं.

त्या वर्षी पेल्टनमध्ये दुसरं बोलणंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर झेनसला त्याची लाज कधी वाटली नाही. गाडीवर दाताळी विकताना तो हीच गोष्ट सांगायचा, शेतकऱ्यांच्या बायका हसायच्या आणि दाताळं विकलं जायचं. ओढ्यावर कारखाना उभा राहिला तो अशाच हसण्यांवर. पहिलं पाणचाक त्यानं आणि जोथमनं दोघांनी बसवलं. लोव्हायना तयार दाताळी पारखायची. दातांवरून अंगठा एकदा फिरवायची. घट्ट दात एका सुरात बोलतात, ढिला दात मधेच बोबडा बोलतो. ती स्वयंपाकघरातून ओरडायची, “सातवा,” आणि सातवा दात खरंच ढिला निघायचा. तशा कितीतरी संध्याकाळी गेल्या. चाकाचा आवाज, लाकडाचा ताजा वास, आणि तिचा अंगठा.

मग लढाई झाली, संपली. गावाला पूल हवा होता, पुलासाठी कुणीतरी राजधानीत जाऊन भांडायला हवं होतं. दाताळ्यांच्या धंद्यानं झेनसला माणसांशी बोलायची सवय होती, म्हणून तो गेला. पूल झाला. गावानं त्याला परत पाठवलं, मग आणखी परत. कारखाना जोथम बघू लागला.

राजधानीतलं पहिलं भाषण त्याला जमेना. कागद हातात, घाम कपाळावर, समोर कापडगिरण्यांचे मालक आणि वकील. शेवटी त्यानं कागद खिशात घातला आणि डुकराची गोष्ट सांगितली, झाली तशी. लोक हसले, टेबलं वाजवली. पुढच्या वेळी पुन्हा मागणी. एकदा घाईघाईत तो ‘माझ्या बायकोनं’ऐवजी ‘आम्ही दोघांनी’ म्हणाला, आणि हसणं जरा मोठं आलं. वर्षभरानं ‘मी’ म्हणाला. शेवटाला एक वाक्यही चिकटलं, की मित्रहो, समोरच्या पक्षालाही असंच मागं मागं कोंडवाड्यात न्यायचं असतं. त्या वाक्याला छत उडायचं. खोटं बोलतोय असं त्याला कधी वाटलं नाही. गोष्ट रोज पायाखालची वाट असल्यासारखी घासत घासत तशी झाली होती.

एकदा ती वर्तमानपत्रात छापून आली. लोव्हायनानं जेवणाच्या टेबलावर चष्मा लावून वाचली. तो समोर बसून सूप ढवळत राहिला.

“इतकी वर्सं फारो माज्याकडं हुता,” ती म्हणाली. “आता तुज्याकडं. सांभाळ त्याला.”

“लोव्हायना, ते लोकांना बरं वाटतंय म्हनून—”

“म्या कुटं काय म्हनते. फक्त माजी टोपली कुटं ठिवलीस ते सांग, बटाटं आनायचं हायत.”

एवढंच. पुन्हा तिनं विषय काढला नाही. नऊ वर्षांपूर्वी, जूनमध्ये, गवत कापणीच्या तोंडावर ती गेली. तो राजधानीत रस्त्यांच्या ठरावावर बोलत होता. तार पोचली, तो पोचला, तोवर जोथमनं तिची शवपेटी करून ठेवली होती, अ‍ॅशच्या लाकडाच्या चांगल्या वाळलेल्या फळ्यांची.

आणि आता जानेवारीत त्यानं दुसरं लग्न केलं होतं. टेंपरन्स नावाची पन्नाशीची विधवा, राजधानीतल्या मुलींच्या शाळेत शिकवणारी, शांत, नीटनेटकी. चर्चच्या एका जेवणात तिनं ती डुकराची गोष्ट ऐकली होती आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली होती. त्यांची ओळख झाली ती तिथंच.

सभाघर दहाच्या आधीच भरलं. शेगडी तापलेली, ओल्या लोकरीचा वास, पायाखाली भुसा. मागच्या खोलीत बायका काकवी आणि डुकराचं खारं मांस घातलेला घेवडा शिजवत होत्या, काळा पाव आणि आल्याचा केक मांडत होत्या. त्यांच्यात टेंपरन्सही होती, उसना अ‍ॅप्रन बांधून. बायकांना मत नव्हतं, पण दार उघडं असायचं, आणि मर्सीआत्या त्या दारात पळी घेऊन उभी असायची. मर्सीआत्या कुणाचीच आत्या नव्हती, म्हणून सगळ्या गावाची होती.

सभापतीच्या खुर्चीवर ओबेद फिस्क बसला. त्या डीकनचाच मुलगा, आता स्वतः पन्नाशी ओलांडलेला. लॅम्सन पहिल्या बाकावर, शेजारी वर्तमानपत्रवाला पेन्सिल चाटत.

रस्ते झाले, शाळा झाली, पंच निवडले. कुंपणं बघणारे निवडले, लाकूड मोजणारे निवडले. मग ओबेदनं कागद पुढं घेतला आणि नाक खाजवलं.

“डुक्करकोतवाल,” तो म्हणाला. “कुनी नाव सुचवतंय का?”

कुणी बोललं नाही. झेनसनं श्वास सोडला. आणि मागच्या बाकावरून जोथम पाईक उठला. टोपी हातात, केसांत भुसा.

“म्या झेनस थर्बरचं नाव सुचवतो. औंदा लगीन झालंय त्येचं.”

आधी एक जण फिसकला, मग तिघं, मग सगळं सभाघर. झेनसच्या मानेपासून कानापर्यंत रक्त चढलं. पण लॅम्सन हसत होते. ते झेनसच्या कानाशी वाकले.

“उठा, मिस्टर थर्बर. अशी संधी विकत घेऊन मिळत नाही. गोष्ट सांगा, हसत हसत पद घ्या. उद्या सगळ्या राज्यात छापून येईल, गव्हर्नर होणारा माणूस आपल्या गावाचा डुक्करकोतवाल. तुमचं नाव नक्की झालंच असं समजा.”

झेनस उठला. पाय जागच्या जागी सापडले, आवाजही सापडला, तो राजधानीतला, गोल आणि भरलेला.

“सभापती महाराज, मित्रहो. एकोणचाळीस वर्षांपूर्वी याच सभाघरात मला हे पद मिळालं होतं. आणि डीकन फिस्क यांच्याकडे एक डुक्कर होतं, त्याचं नाव फारो.”

वर्तमानपत्रवाला लिहू लागला. पुढची वाक्यं आपोआप येत होती, उतारावरच्या गाडीसारखी. तीन बागा. दोरी, काठी. चिखल. आता टोपली येणार होती. त्यानं सवयीनं लोकांकडं बघितलं, हसणं कुठून सुरू होईल ते हेरायला. आणि त्याला दिसलं की कुणी हसायच्या तयारीत नाही. सगळे नुसते वाट बघत होते. यातले निम्मे त्या दिवशी दारात उभे होते. उरलेल्यांनी आईबापांकडून ऐकलं होतं. टोपली या वेळी कुणाच्या हातात येते, एवढंच त्यांना बघायचं होतं. दारात मर्सीआत्याची पळी हवेत थांबली होती. तिच्या मागं टेंपरन्स. तिला एकटीला हसू आधीच फुटलेलं, कारण पुढचं वाक्य तिला माहीत होतं.

“आणि मग मी,” झेनस म्हणाला, आणि गाडी थांबली.

शेगडीत लाकूड सरकलं.

“म्या कुंपनावर हुतो,” तो म्हणाला. आवाज बदलला होता, जिथं जन्मला तिथला झाला होता. “म्या भ्यालो हुतो. टोपली लोव्हायनानं घातली.”

“आनि शेपटी?” मर्सीआत्यानं दारातून विचारलं.

“शेपटीबी तिनंच धरली.”

“मग तू काय केलंस?”

“म्या कोंडवाड्याचं दार उघडलं.”

“येवढं तरी केलंस,” मर्सीआत्या म्हणाली.

तेव्हा सभाघर हसलं. बाकं वाजली, कुणी पाठीवर थाप मारली, ओबेद फिस्कनं चष्मा काढून डोळे पुसले. झेनस खाली बसला नाही.

“राजधानीत आनि छापून ज्ये सांगितलं त्ये खोटं हाय. ती बोलली न्हाई, म्हनून म्या सांगत सुटलो. आता कोतवाल करायचं तर करा. पन समजून करा. डुक्कर धरायला मला तवा येत न्हवतं, आजबी येत न्हाई.”

“बाजूनं असतील त्यांनी हो म्हना,” ओबेद म्हणाला.

छपरावरचा बर्फ घसरावा एवढा ‘हो’ आला. झेनसनं हात वर करून शपथ घेतली, की गावची मोकाट डुकरं इमानानं धरीन.

जेवणाच्या सुट्टीत लॅम्सननी घेवड्याचे दोन चमचे खाल्ले आणि पिशवी उचलली.

“लोक तुमच्या डुकराला मत देत नव्हते, मिस्टर थर्बर. पण त्या डुकरामुळं तुमच्याकडं बघत होते. इतकी वर्षं छापलेली गोष्ट आज तुम्ही स्वतःच खोटी म्हणालात. समोरचे विचारणार, मग पुलाचं काय, रस्त्याचं काय, त्यातलं खरं किती?”

“पूल बाहेर उभा हाय. बघून जावा.”

“मी बघेन. बाकीचे येणार नाहीत बघायला.” लॅम्सन काही वाईट नव्हते. त्यांनी हात मिळवला, वर्तमानपत्रवाल्याला बरोबर घेतलं आणि बर्फावरच्या स्लेजगाडीत बसले. दुपारी, ते घाट उतरले असतील नसतील तोवर, गावानं एकही विरोधी मत न पडता ठराव केला, की आमचा झेनस गव्हर्नरकीला उभा करा. ओबेदनं तो टपालानं पाठवला. पार्टीनं सप्टेंबरात दुसरा माणूस उभा केला, कापडगिरणीवाला, आणि तो निवडूनही आला. ठरावाचं उत्तर कधी आलं नाही.

त्या संध्याकाळी झेनस आणि टेंपरन्स स्लेजमधून घरी निघाले. घोड्याच्या गळ्यातली घुंगरं वाजत होती.

“कशी होती हो ती?” टेंपरन्सनं विचारलं.

झेनसनं सांगितलं. अंगठा, सातवा दात, बटाट्याची टोपली, ‘तेवढं तरी कर’. जेवणाच्या टेबलावरचं तेही सांगितलं. नऊ वर्षांत तो एवढं कुणाजवळ बोलला नव्हता.

“तिनं तुम्हाला पाच आठवड्यांत ओळखलं,” टेंपरन्स म्हणाली. “मला दहा लागले. बरं झालं, अकरावा लागला नाही.”

सकाळी ओबेद फिस्क मागच्या दाराशी हजर झाला. अंगात घरचेच कपडे, टोपी मुद्दाम काढून हातात धरलेली.

“कोतवालसायब, आमची डुकरीन सुटलीया. मर्सीआत्याच्या गुऱ्हाळात शिरली. मेपलच्या रसाचं अर्धं पिंप प्याली आनि आता काहिलीपुढं ऊब घेत पडलीया. आत्या पळी घिऊन मोडक्या खाटंवर उभी हाय.”

“तुमच्या घरान्याला दुसरी जनावरं पाळता येत न्हाईत काय?” झेनस म्हणाला.

“येत्यात. पन मग तुमच्या घरान्याचं कसं व्हायचं?”

झेनसनं काळा कोट खुंटीवर ठेवला आणि जोथमचा जुना अंगरखा मागवून घातला. टेंपरन्स तळघरात जाऊन आली. हातात टोपली होती, ओकच्या पट्ट्यांची, एक कडा उसवलेली, तळाशी बटाट्याची वाळकी माती.

“हीच का?”

“हीच.”

पहिल्या खेपेला डुकरिणीनं टोपलीसकट झेनसला गुऱ्हाळाच्या भिंतीला नेऊन लावलं. दुसऱ्या खेपेला शेपटी हातातून निसटली. मर्सीआत्या खाटेवरून सूचना देत होती. त्यातली एकही उपयोगाची नव्हती. दाराबाहेर आठदहा जण जमले होते, जोथम त्यांत होता. तिसऱ्या खेपेला झेनसनं घाई केली नाही. रसाची वाटी जमिनीवर ओतली, डुकरीण मान घालून चाटायला लागली, तशी टोपली घातली आणि वरून पोट टेकवून दाबली. डुकरीण मागं सरायला लागली. त्यानं शेपटी धरली. डावीकडं ओढली, ती डावीकडं गेली.

“आरं, ऐकती की,” तो स्वतःशीच म्हणाला.

वाकलेल्या कमरेनं, घसरत, एक गुडघा बर्फात टेकत, त्यानं ती डुकरीण उलट्या पावली गावाच्या मधल्या वाटेनं नेली. वाटेत दोनदा थांबून दम घेतला. दारादारांत माणसं होती. काहींनी नुसती टोपी उचलली.

कोंडवाड्यापाशी टेंपरन्स उभी होती.

“दार उघडा,” झेनस धापा टाकत म्हणाला.

“तेवढं करते,” ती म्हणाली, आणि उघडलं.

तो कारखान्यात आला तेव्हा कमरेपर्यंत चिखल होता आणि मेपलच्या रसानं बाह्या चिकटल्या होत्या. पाणचाक चालू होतं. जोथम त्याच्या आधी येऊन जागेवर बसला होता.

“माजं नाव तूच का सुचवलंस रं?” झेनसनं विचारलं.

“रीत हाय.”

“खरं सांग.”

जोथमनं टोला अर्ध्यावर थांबवला. “लोव्हायना गेली त्या दिशी पेटी म्या केली. तवापास्नं म्या वाट बगत हुतो, तू ती गोष्ट कंदी नीट सांगतोस. गाव बी बगत हुतं. नऊ वर्सं लई झाली गड्या.” मग त्यानं हातोडी उचलली. “आनि आता उभा राहू नगस. गवताला तीन म्हैनं ऱ्हायलं, आनि दोनशे दांड्या तशाच पडल्यात.”

झेनस समोरच्या बाकड्यावर बसला. पुष्कळ वर्षांनी बसला, तरी बाकड्याचा खोलगटपणा त्याच्या मापाचाच होता. टोपली शेजारी ठेवली. जवळचं तयार दाताळं उचललं आणि दातांवरून अंगठा एकदा फिरवला. कान देऊन ऐकलं. पुन्हा फिरवला.

“नववा,” तो म्हणाला.

“बघू,” जोथम म्हणाला. “आठवा हाय.”

झेनसनं नववा हलवला, तो खरंच ढिला निघाला. तो उपटून त्यानं वाळक्या दातांच्या ढिगातून दुसरा निवडला, भोकात बसवला आणि टोला घातला.